अरुंद बाजूवरची ओळ

मी गोळ्यांची डबी बोलतेय. पांढऱ्या पुठ्ठ्याची, कडेला निळा पट्टा असलेली, झोपेच्या गोळ्यांची. माझा आवाज बारीक आहे आणि अक्षरं त्याहून बारीक, तेव्हा आजवर माझं कुणी ऐकलं नाही याबद्दल माझी तक्रार नाही. औषधाच्या डबीवर माणूस दोनच गोष्टी बघतो. नाव तेच आहे ना, आणि किंमत वाढली तर नाही ना. या दोन्ही गोष्टी माझ्या रुंद बाजूवर ठळक छापलेल्या आहेत. जे महत्त्वाचं आहे ते अरुंद बाजूवर आहे, आणि कपाटात ठेवताना ती बाजू नेहमी भिंतीकडे जाते. ही रचना ज्याने केली त्याला स्वतःला रोज गाढ झोप लागत असणार.

त्या अरुंद बाजूवर काय आहे ते आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी म्हणायला नको की डबीने लपवून ठेवलं. तिथे लिहिलंय: ‘हे औषध चालू असताना मद्यपान करू नये. झोपेत श्वास मंदावून जिवास धोका संभवतो.’ बस, एवढंच. सरकारी भाषा आहे, पण खोटी नाही.

माझा जन्म एका प्रेसमध्ये झाला. तिथे ग्रंथबिंथ छापत नसत. बिस्किटांचे पुडे, साबणाची वेष्टनं, औषधांच्या डब्या, असा लोक घरी नेऊन फाडून टाकतात तो सगळा माल. मशीन जुनं होतं, एका वेळी एकच रंग छापणारं, आणि त्यावर जो मशीनमन होता त्याला मालकापासून झाडूवाल्यापर्यंत सगळे उस्ताद म्हणत. बारीक अंगाचा माणूस, नखांत कायमची शाई, आणि बोलणं असं की समोरच्याला वाटावं आपण शाळेत उशिरा आलोय.

उस्तादांचा आयुष्यात एकच नियम होता. ओल्यावर ओलं चढवायचं नाही. आधी निळा रंग छापायचा, कागद वाळू द्यायचा, आणि पूर्ण वाळल्यावरच त्यावर काळा. एकदा मालकाने घाई केली. म्हणाले, ‘‘उस्ताद, गिऱ्हाईक दारात उभं आहे, चढवा काळा.’’ उस्तादांनी हात पुसले, मशीनपासून बाजूला झाले आणि म्हणाले, ‘‘तुम्हीच चढवा.’’ मालकाने दुसऱ्याकडून चढवून घेतला. रंगात रंग मिसळून सगळा माल फरकाटला आणि रद्दीत गेला. त्या दिवसापासून उस्तादांचा नियम हा प्रेसचा कायदा झाला, आणि ज्याचा शब्द एकदा इतका खरा ठरतो त्या माणसाचं पुढे काही खरं नसतं.

मी छापून निघाले तेव्हा उस्तादांनी मला उचललं, डोळ्याला भिंग लावलं आणि माझ्या अरुंद बाजूवर नेमकं धरलं. मला वाटलं, वाचतायत. ते शाईची कड बघत होते. एक अक्षर त्यांनी इतकं मोठं करून पाहिलं की शब्द त्यांना दिसलाच नाही. त्यांना वाचता येत नव्हतं असं समजू नका, वर्तमानपत्र ते शेवटच्या पानापर्यंत वाचत. पण पोस्टमन जसा दुसऱ्याची पत्रं वाचत नाही तसा मशीनमन छापलेलं वाचत नाही. तो बघतो. ‘‘सुरेख,’’ म्हणाले आणि मला पुढे सरकवलं.

पुढे तपासणीच्या टेबलावर त्यांची बायको बसायची. प्रेसमध्ये तिला सगळे बाई म्हणत, म्हणून मीही म्हणते. बाईंचं काम डाग पकडायचं. डब्यांची गड्डी अंगठ्याखालून सरसर सोडायच्या आणि जिच्यावर डाग असेल ती बरोबर बाहेर ओढायच्या. मी त्यांच्या अंगठ्याखालून गेले. डाग नव्हता. पास झाले.

मग कारखान्यात माझ्या पोटात गोळ्यांच्या पट्ट्या भरल्या गेल्या, एक घडीचा माहितीचा कागद कोंबला गेला, आणि फिरत फिरत मी एका औषधाच्या दुकानात येऊन पडले. एके दिवशी काउंटरच्या पलीकडून ओळखीचा आवाज आला.

‘‘अहो, पट्ट्या सुट्या कशाला देताय? डबीसकट द्या. आमच्या प्रेसची आहे ती.’’

उस्तादांनी मला उजेडात धरून निळा आणि काळा एकमेकांवर बरोबर बसलेत का ते पाहिलं. बसले होते. लेकीला सासरहून घरी आणावं तसे ते मला खिशात घालून घेऊन गेले. घरात पाऊल टाकताच म्हणाले, ‘‘अगं, बघ कोण आलंय.’’ बाईंनी मला हातात घेतलं, अंगठा फिरवला आणि म्हणाल्या, ‘‘हो की. आपलीच.’’

दोन माणसांनी मला ओळखलं आणि दोघांनीही वाचलं नाही. माणसांचं हे मला फार वेळा दिसलंय. आपलं म्हटलं की तपासायची गरज संपते.

गोळ्या कशासाठी, तर उस्तादांची झोप गेली होती. वर्षानुवर्षं रात्रपाळी केलेला माणूस. दिवसाची पाळी लागली तेव्हा शरीराने ते मान्यच केलं नाही. आणि दुसरं एक होतं. प्रेस सुटली की घरी येऊन ते ग्लासभर घ्यायचे. पिणारे म्हणून त्यांना कुणी ओळखत नव्हतं. शिवी नाही, भांडण नाही, तोल नाही. खिडकीशी बसून घ्यायचे, जेवायचे, आणि पाठ टेकायचे. पूर्वी त्यावर झोप लागायची. पुढे पुढे लागेना, म्हणून डॉक्टर, आणि डॉक्टरांमुळे मी.

बाईंचा धाकटा भाऊ रविवारी यायचा. त्याचं चष्म्याचं दुकान होतं, आणि जगातल्या प्रत्येक माणसाला चष्मा लागलेला आहे, फक्त त्याला अजून कळलेलं नाही, असं त्याचं मत होतं. आला की आधी बहिणीची चेष्टा, मग भावोजींबरोबर एक ग्लास. मला टेबलावर पाहून त्याने पहिल्याच रविवारी विचारलं, ‘‘भावोजी, झोपेची गोळी चालू केलीत म्हणे. मग हिच्यावर ही चालते का?’’

प्रश्न बरोबर होता. मी जीव मुठीत धरून ऐकत होते. मला एवढंच हवं होतं की त्याने मला उचलावं आणि उलटं करावं. डोळ्यांचाच धंदा त्याचा.

‘‘हिच्यावर ही कशी चालेल?’’ उस्ताद म्हणाले. ‘‘ओल्यावर ओलं नाही चढवायचं. आधी ही घ्यायची. मग पोटभर जेवायचं. तासभर जाऊ द्यायचा. ती वाळली की मग गोळी. माल फरकाटत नाही.’’

‘‘वा. म्हणजे जेवण हा मधला कोरा कागद,’’ मेहुणा म्हणाला.

‘‘कळायला लागलं तुला. इतकी वर्षं चष्मे विकून उशिराच कळलं.’’

तिघंही हसले. उस्तादांचं म्हणणं छपाईच्या बाबतीत शंभर टक्के खरं होतं. पण रक्त म्हणजे पुठ्ठा नव्हे. माझ्या पोटातल्या घडीच्या कागदावर सगळं लिहिलेलं होतं. दारू आणि ही गोळी दोघींचं काम एकच, मेंदूला मंद करायचं. पोटात जेवण गेलं म्हणून पहिली कुठे वाळून बसत नाही, ती रक्तात फिरत असते. गोळी तर दुसऱ्या दिवशीपर्यंत रेंगाळते. दोघी भेटल्या की डोळे मिटतात ते ठीक. श्वास घ्यायचा हेही शरीर विसरू लागतं. हा कागद उस्तादांनी पहिल्याच दिवशी बाहेर काढला, त्याची चौपदरी घडी केली आणि डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली घातली. टेबल डुगडुगायचं थांबलं.

नियम पाळायची जबाबदारी बाईंनी घेतली, आणि बाई कामात कच्च्या नव्हत्या. ग्लास संपला की त्या घड्याळाकडे बघून ठेवायच्या. जेवण झालं की उस्ताद हात पुढे करायचे.

‘‘दे गोळी.’’

‘‘अजून नाही. आत्ता कुठे हात धुतलेत तुम्ही.’’

‘‘अगं, वाळलं असेल.’’

‘‘मी तपासणीवाली आहे. मी म्हणेन तेव्हा वाळलं.’’

जगात जेवढ्या काळजीने कुणी कुणाला जपत असेल, तेवढ्या काळजीने त्या बाई रोज नवऱ्याच्या हातावर ती गोळी ठेवत होत्या. मी रोज उघडले जायचे आणि रोज मिटले जायचे. ओरडायला डबीला तोंड असतं, पण ते झाकणाचं.

महिन्याभराने डॉक्टरांनी परत बोलावलं. बाईंनी मला पिशवीत घालून नेलं आणि त्यांच्या टेबलावर ठेवलं.

‘‘झोप लागते?’’ डॉक्टरांनी विचारलं.

‘‘लागते,’’ उस्ताद म्हणाले.

‘‘सकाळी अंग जड वाटतं?’’

‘‘थोडं वाटतं. जिन्यात एकदोनदा पाय चुकला.’’

‘‘दारूबिरू काही?’’

उस्ताद छताच्या पंख्याकडे बघू लागले, जणू प्रश्न पंख्यालाच विचारला होता. बाई घाईने म्हणाल्या, ‘‘छे हो. आमच्याकडे तसलं काही नाही.’’ डॉक्टरांनी मान हलवली, ‘मग वयाने होतं तसं’ म्हणाले आणि पुढच्या माणसासाठी घंटा वाजवली. तो माणूस आधीच दारात होता.

बाहेर आल्यावर उस्ताद म्हणाले, ‘‘खोटं कशाला सांगितलंस?’’

‘‘मग काय सांगू? दाराला नुसता पडदा. बाहेर पॅकिंगमधली बसली होती, बघितलं नाही तुम्ही? उद्या दुपारपर्यंत सगळ्या प्रेसला कळलं असतं की उस्तादांना डॉक्टरांनी दारू सोडायला सांगितली.’’

‘‘ते खरं,’’ उस्ताद म्हणाले. खरं सांगायची एक वेळ आली होती, ती एका पडद्यापायी गेली.

त्यानंतर डॉक्टरांकडे जाणंच थांबलं. पट्ट्या संपल्या की उस्ताद मला खिशात घालून दुकानात जायचे. औषधवाला म्हणायचा, ‘‘चिठ्ठी?’’ उस्ताद मला काउंटरवर ठेवायचे. ‘‘ही काय चिठ्ठी.’’ औषधवाला माझं नाव वाचायचा, पट्ट्या काढून द्यायचा, घरी आल्यावर त्या माझ्या पोटात जायच्या. अशी मी झिजत गेले पण टिकले. कोपरे मऊ पडले, निळा पट्टा फिका झाला. अर्ध्या गोळीची एक झाली, एकीची दीड. अरुंद बाजूवर मात्र ओरखडासुद्धा आला नाही, कारण तिकडे कुणाचा हातच लागत नव्हता.

उस्ताद बदलत होते. बोलता बोलता शब्द विसरायचे. जेवताना डुलकी यायची. एकदा मशीनच्या रुळात बाही अडकली, शेजारच्याने बटण दाबलं म्हणून हात वाचला. घरी येऊन म्हणाले, ‘‘वय झालं.’’ बाई म्हणाल्या, ‘‘झोप पुरी होत नाही तुमची.’’ आणि त्या रात्रीपासून गोळी वेळेवर देण्यात त्यांनी आणखी काटेकोरपणा आणला.

मग ते मशीन गेलं. मालकाच्या मुलाने सगळे रंग एकदम छापणारं नवं आणलं आणि जुनं भंगारवाल्याने तुकडे करून नेलं. नवीन मशीनवर ओल्यावर ओलंच चढतं आणि काही फरकाटत नाही, हे उस्तादांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. त्या रात्री गोळी घेऊनही डोळा लागला नाही.

दुसरा दिवस रविवार. मेहुणा दुपारीच आला आणि दोघं बसले. उस्तादांनी रोजच्या दुप्पट घेतली. मेहुणाच ओतत होता, दुःखी माणसाला दुसरं काय द्यावं ते त्याला सुचत नव्हतं.

‘‘भावोजी, सोडा हो. लोखंड होतं ते.’’

‘‘लोखंड होतं म्हणून तर इतकी वर्षं ऐकलं माझं.’’

जेवण झालं. उस्तादांनी हात पुढे केला. ‘‘दे. रात्रभर डोळ्याला डोळा नाही. आत्ता झोपतो.’’

‘‘आज राहू द्या ना,’’ बाई म्हणाल्या. त्या क्षणी मला वाटलं, हे एवढं एक वाक्य टिकलं तर सगळं टिकेल.

‘‘आज नको तर कधी?’’

बाईंनी घड्याळ पाहिलं. आज जास्त झाली होती, म्हणून त्यांनी नेहमीपेक्षाही जास्त वेळ थांबवलं. भांडी घासली, ओटा पुसला, मग मला उघडलं. पट्टीतून गोळी फोडून त्यांच्या तळहातावर ठेवली, पाणी दिलं, पडदा ओढला.

थोड्याच वेळात आतून घोरण्याचा आवाज येऊ लागला. जड, घशात घरघर असलेला. स्वयंपाकघरात बाई हलक्या आवाजात म्हणाल्या, ‘‘लागली बाई एकदाची.’’ मी उस्तादांच्या उशाशी स्टुलावर होते. त्या घरघरीचा अर्थ मला कळत होता. दोन श्वासांमधली जागा वाढत चालली होती.

परदेशातल्या मुलाचा फोन आला. बाई म्हणाल्या, ‘‘बाबा झोपलेत रे. किती दिवसांनी असे झोपलेत. उठवत नाही. संध्याकाळी कर.’’

मग आवाज थांबला. बाईंनी दारातून डोकावून पाहिलं. मेहुण्याला ओठांवर बोट ठेवून खूण केली आणि दार हळूच लोटलं. ‘‘आता अगदी शांत लागली. कप वाजवू नकोस.’’ दोघांनी चहाचे कप न वाजवता चहा घेतला.

उन्हं उतरल्यावर त्या उस्तादांचा चहा घेऊन आत आल्या.

आलेल्या प्रत्येकाने एकच गोष्ट सांगितली. झोपेत गेला, पुण्यवान माणूस. असं मरण मागून मिळत नाही. गल्लीतल्या डॉक्टरांनी वय विचारलं, मशीन गेल्याचं ऐकलं आणि धक्का सहन झाला नाही असं लिहून दिलं. स्टुलावर, लिहिणाऱ्या डॉक्टरांच्या कोपराजवळ, मी होते. कुणीतरी माझ्यावर पाण्याचा पेला ठेवला.

पुढे बाईंची झोप गेली. ती जायचीच होती. त्यांनी डॉक्टर केला नाही. माझ्यात पट्ट्या शिल्लक होत्या. गोळी घेत, तरी पहाटेच जाग यायची. भाऊ आता रोज येऊ लागला होता. एका संध्याकाळी म्हणाला, ‘‘ताई, नुसत्या गोळीने नाही व्हायचं तुझं. भावोजींची बाटली आहे अजून कपाटात. औषध म्हणून घे थोडी. आधी ती, मग जेवण, मग गोळी. भावोजींसारखंच.’’

‘‘बघू,’’ बाई म्हणाल्या. भावाने दोन बोटं ओतली आणि ग्लास त्यांच्यापुढे ठेवला. माझ्या शेजारी.

बाई सुईत दोरा ओवत होत्या आणि तो जात नव्हता. भाऊ म्हणाला, ‘‘बघ, म्हणत होतो ना? थांब, पेटी आणलीय मी. आज नंबर काढूनच जातो.’’ त्याने बहिणीच्या नाकावर तो चाचणीचा लोखंडी चष्मा बसवला आणि भिंगं आतबाहेर करू लागला. मग खिसे चाचपले. ‘‘जवळचं वाचायचं कार्ड दुकानातच राहिलं.’’ इकडेतिकडे बघून त्याने मला उचललं. बारीक अक्षर हवं होतं त्याला, म्हणून अरुंद बाजू वर केली. या घरात आल्यापासून पहिल्यांदा.

‘‘हे वाच, ताई.’’

‘‘हे... औषध...’’ बाई म्हणाल्या. ‘‘पुढचं पुसट आहे.’’

त्याने भिंग बदललं. ‘‘आता?’’

‘‘हे औषध चालू असताना मद्यपान करू नये. झोपेत श्वास...’’ त्या थांबल्या. मग शेवटपर्यंत वाचलं, तपासणीच्या टेबलावर एकेक डबी बाजूला काढावी तसा एकेक शब्द.

भावाने मला स्वतःकडे वळवलं आणि तीच ओळ वाचली.

‘‘चालू असताना म्हणजे काय रे?’’ बाईंनी विचारलं.

‘‘म्हणजे... गोळ्या सुरू आहेत तोवर.’’

‘‘मध्ये जेवण झालं असलं तरी?’’

भाऊ ग्लासाकडे बघत होता.

‘‘मी रोज घड्याळ लावून थांबवत होते त्यांना,’’ बाई म्हणाल्या. ‘‘हे केव्हापासून आहे हिच्यावर?’’

‘‘पहिल्यापासून असणार, ताई. छापलेलंच आहे.’’

बाईंनी माझ्यावरून अंगठा फिरवला, गड्डी सोडताना फिरवायच्या तसा. डाग नव्हता. मग म्हणाल्या, ‘‘काढ हा चष्मा. मला नको.’’

भावाने भिंगं पेटीत ठेवली. ग्लास उचलून मोरीत ओतला, नळ सोडला आणि बराच वेळ तसाच सोडून ठेवला. त्यानंतर तो रविवारी येतो, पण बसत नाही.

बाईंनी उरलेल्या गोळ्या फेकून दिल्या, मला फेकलं नाही. मी आता रिकामी, खिडकीत उभी असते, अरुंद बाजू बाहेर करून. बाई रात्रभर जाग्या असतात. मेल्या नाहीत, हे माझं एकमेव यश. पण त्या ज्या तऱ्हेने माझ्याकडे बघतात, त्यावरून ते यश त्यांना नको होतं असं वाटतं.

तुमच्याही घरात माझी एखादी बहीण असेल. उशाशी, ड्रॉवरमध्ये, पिशवीत. जमलं तर तिला एकदा उलटं करून उजेडात धरा, आणि डॉक्टरांनी विचारलं तर पडद्यापलीकडे कोण बसलंय ते न बघता खरं सांगा. तुम्ही यातलं काही कराल असं मला वाटत नाही. नव्या मशीनवर अशा डब्या आता पूर्वीपेक्षा भराभर छापल्या जातात, ओल्यावर ओलं चढवून, आणि ती ओळ प्रत्येकीवर अगदी सुरेख उठते.